झिऱ्याचा झरा

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचं पाणी सांगलीत आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी ४५ फूट. गावभागातल्या आमच्या घरात ते जिन्याच्या आठव्या पायरीपर्यंत चढलं. माणसं वेळेत बाहेर पडली होती, पण जिन्याखालची लोखंडी ट्रंक तिथेच राहिली. पाणी उतरल्यावर ती उघडली तर आत गाळ होता, आणि त्या गाळात माझी पस्तीस वर्षांची नोकरी.

१९७९ ते २०१४ या काळात मी पुण्याच्या एका प्रकाशनसंस्थेत विज्ञानकथा आणि अद्भुतकथांची पुस्तकं संपादित केली. संस्थेच्या दिवाळी अंकातला विज्ञानकथांचा विभागही माझ्याकडेच असायचा. त्या ट्रंकेत प्रुफं होती, लेखकांची पत्रं होती आणि काही हस्तलिखितं होती. गच्चीवर जुन्या साड्या अंथरून मी एकेक पान सोडवून वाळत घातलं. वाऱ्यानं उडू नये म्हणून कुठे वरवंटा ठेवला, कुठे वाटी, कुठे खलबत्त्याचा बत्ता.

एक गठ्ठा अकरा पानांचा होता. शाळेच्या परीक्षेच्या उरलेल्या उत्तरपत्रिकांचे कागद, कोपऱ्यात दाभणानं भोक पाडून पांढऱ्या दोऱ्यानं ओवलेले. मजकूर शाईच्या पेनानं लिहिलेला होता. ती निळी शाई विरघळून कागदभर पसरली होती. तीन पानांवर एकही ओळ लागेना. पण त्या निळ्या डागांवर माझ्या लाल बॉलपेनच्या खुणा जशाच्या तशा होत्या. खोडलेले शब्द गेले होते, खोडल्याच्या रेघा राहिल्या होत्या. मी बराच वेळ गच्चीवर नुसती बसून राहिले. घरातलं सामान गेल्याचं दुःख तोवर मी धीरानं घेतलं होतं. त्या रेघा पाहिल्यावर मात्र मला रडू आवरेना.

ही कथा आटपाडी तालुक्यातल्या एका प्राथमिक शिक्षकांनी १९८८ च्या उन्हाळ्यात पाठवली होती. बहात्तरच्या दुष्काळात ते रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायला जात, असं त्यांनी सोबतच्या पत्रात लिहिलं होतं. कथा अशी होती : एका रात्री कृष्णा आपली वाट सोडते आणि घाट चढून माणदेशात येते. सकाळी माणगंगेच्या कोरड्या पात्रात पाणीच पाणी. तीन दिवस गाव न्हातं, जित्राबं पोटभर पाणी पिऊन पात्रातच उभी राहतात. चौथ्या दिवशी कृष्णाकाठची माणसं रिकाम्या घागरी घेऊन वेशीवर येतात, कारण त्यांची नदी इकडे आली आहे. गाव बैठकीला बसतं. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या तहान काढली, त्यांच्या हातात आता दुसऱ्याची तहान आहे. बैठकीत काही ठरत नाही. गावाबाहेरच्या वगळीत एक जुना झिरा आहे. नदी दारात आली तरी एक म्हातारी सवयीनं त्या झिऱ्यावरच वाटीवाटीनं घागर भरत असते. ती आपली घागर सरकवते आणि परक्या गावच्या एका बाईला शेजारी बसायला जागा करून देते. कथा तिथे थांबते.

आज मी सांगते की मराठीत लिहिल्या गेलेल्या चांगल्या विज्ञानकथांपैकी ती एक होती. तेव्हा मी तिच्या समासात काय लिहिलं होतं, तेही सांगितलं पाहिजे. पहिल्या पानावर : ‘नदी चढावर कशी जाईल? शास्त्रीय आधार द्यावा.’ चौथ्या पानावर : ‘एखादा शास्त्रज्ञ हवा. पुण्याहून पाहणीला येतो असे दाखवता येईल.’ सातव्या पानावर : ‘भाषा फार ग्रामीण. सर्वसामान्य वाचकाला समजणार नाही.’ शेवटच्या पानावर : ‘शेवट अपुरा वाटतो. निर्णय काय झाला?’ आणि अकराही पानांवर जिथे जिथे ‘झिरा’ होता, तिथे मी तो खोडून ‘झरा’ केला होता. ‘जित्राबं’ची ‘जनावरे’ केली होती.

झरा आपण होऊन वाहतो. झिरा माणसाला खणावा लागतो. कोरड्या पात्रातली वाळू हातांनी उकरायची, कोपरापर्यंत, कधी कमरेपर्यंत खाली जायचं, तळाशी पाणी पाझरून जमायची वाट बघायची आणि ते वाटीनं उपसायचं. एक घागर भरायला तास लागतो. म्हातारी जिथे बसली होती तिथे झरा असता, तर तिनं जागा करून देण्यात मोठं असं काहीच नव्हतं. एका वेलांटीच्या फरकानं मी त्या कथेचा कणा मोडला, आणि शुद्धलेखन सुधारलं या समाधानात पुढचं पान उलटलं. माझं बालपण कऱ्हाडात गेलं. तिथे कृष्णा आणि कोयना एकमेकींना भेटतात. पाण्यासाठी वाळू उकरावी लागते हे मला ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नसलेला शब्द चुकीचा असेल असं धरून चालण्याचा अधिकार मी स्वतःच स्वतःला देऊन टाकला होता.

या कामाकडे मी कशी वळले ते इथे सांगते, कारण त्यातच माझ्या चुकीची मुळंही आहेत. ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा मी अकरा वर्षांची होते. अंगणात घोंगड्या पांघरून बसलो असताना आजोबा म्हणाले, शेषानं कूस बदलली. वडील म्हणाले, धरणात पाणी साठवलं त्याचा भार जमिनीला सोसला नाही. मला दोन्ही खरं वाटलं. दोन्हींत तितकंच भय होतं आणि तितकाच चमत्कारही होता. मी पुढे आयुष्यभर जे वाचलं आणि छापलं ते या दोन वाक्यांच्या मधल्या जागेतलं आहे.

डिसेंबर १९७५ मध्ये कऱ्हाडला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. अध्यक्ष दुर्गा भागवत, स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण. आणीबाणी चालू होती. मी कॉलेजात होते आणि स्वयंसेविका म्हणून मांडवात पाणी देण्याचं काम करत होते. दुर्गाबाईंनी जयप्रकाश नारायणांच्या प्रकृतीसाठी सगळ्यांना उभं राहून प्रार्थना करायला लावली, त्या वेळी मांडवात पसरलेली शांतता मी विसरलेले नाही. त्याच संमेलनात अध्यक्षपदावरून त्यांनी खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरांच्या विज्ञानकथांची दखल घेतली. इतक्या मोठ्या व्यासपीठावरून विज्ञानकथेचं नाव घेतलं जातं, म्हणजे हा गंभीर वाङ्मयाचा प्रकार आहे, हे मला त्या दिवशी कळलं.

नारळीकरांची पहिली कथा कशी आली, हे विज्ञानकथेच्या प्रत्येक वाचकाला माहीत आहे. मराठी विज्ञान परिषद विज्ञानकथा स्पर्धा घ्यायची. १९७४ च्या स्पर्धेत ‘कृष्णविवर’ नावाची कथा आली. लेखक म्हणून नाव होतं नारायण विनायक जगताप. स्वतःच्या आद्याक्षरांचा क्रम उलटा करून नारळीकरांनी हे नाव घेतलं होतं. हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा त्यांच्या पत्नी मंगलाताईंनी आपल्या हातानं लिहून काढली होती. आपल्या प्रसिद्धीचा परीक्षकांवर दबाव येऊ नये, एवढीच त्यामागची इच्छा. त्या अनोळखी जगतापांना पहिलं बक्षीस मिळालं. नंतर ‘किर्लोस्कर’चे संपादक मुकुंदराव किर्लोस्करांनी नारळीकरांकडून कथा मागवून छापल्या, आणि १९७९ मध्ये, मी नोकरीला लागले त्याच वर्षी, ‘यक्षांची देणगी’ हा संग्रह आला.

नव्या लेखकांच्या शिबिरांमधून मी ही हकिकत निदान पन्नासदा सांगितली असेल. सांगताना माझा रोख नेहमी नारळीकरांच्या विनयावर असायचा. २० मे २०२५ ला ते गेले. त्या रात्री मी ती पुन्हा मनाशी आठवत होते आणि पहिल्यांदाच माझं लक्ष परीक्षकांकडे गेलं. त्यांच्यासमोर कोण होतं? कुणी एक जगताप. पदवी नाही, पत्ता ओळखीचा नाही, आधीचं काही छापलेलं नाही. तरी त्यांनी कथा वाचली, आणि वाचून पहिली लावली. मोठेपण नारळीकरांचं आहेच, तितकंच ते त्या परीक्षकांचं आहे. मग मी स्वतःला विचारलं : १९७४ साली मी त्या टेबलाशी असते, आणि जगतापांच्या नावापुढे मुक्काम पोस्ट आटपाडी असं लिहिलेलं असतं, तर? उत्तर माझ्याच गच्चीवर, वरवंट्याखाली वाळून गेलेलं होतं.

मी आधी नाव वाचत असे. हे कबूल करायला मला सत्तरी गाठावी लागली. पाकीट आलं की प्रथम मागची बाजू. पुणे, मुंबई, ठाणे असेल तर एक कप्पा, बाकीच्यांचा दुसरा. नावामागे डॉक्टर असेल, एखाद्या संशोधनसंस्थेचा पत्ता असेल, तर कथा वाचण्याआधीच ती छापायची असं माझ्या मनात ठरलेलं असे. नामांकित संस्थेतल्या एका शास्त्रज्ञाची कथा मी जशीच्या तशी छापली होती. तिच्यात माणसं नव्हती, नुसती व्याख्यानं होती. मी एका स्वल्पविरामालाही हात लावला नाही. आणि आटपाडीच्या मास्तरांकडे मी नदीच्या चढण्याचा आधार मागितला.

माझं काम मला येत नव्हतं असं नाही. एका कादंबरीत मंगळावरची नायिका आणि पृथ्वीवरचे वडील फोनवर बोलावं तसे बोलत होते. प्रकाशालासुद्धा तिथपर्यंत जायला, ग्रह कुठे आहेत त्यानुसार, तीन ते बावीस मिनिटं लागतात. मी लेखकाला म्हटलं, हा उशीरच कथेत आणा. मुलीचा प्रश्न आणि बापाचं उत्तर यांच्यात जी वीस मिनिटं जातात, ती लिहा. त्यांनी लिहिली आणि ते प्रकरण पुस्तकातलं सर्वांत चांगलं प्रकरण झालं. अद्भुतकथेलाही हाच नियम लागतो. राक्षसाचा प्राण पोपटात असेल तर पोपट मेल्यावर राक्षस मेलाच पाहिजे. जगाचा नियम काहीही असू दे, तो लेखकानं शेवटपर्यंत पाळला का, एवढं संपादकानं बघायचं. मास्तरांनी तो पाळला होता. त्यांच्या जगात नदी चढते. चढल्यावर जे जे होईल ते सगळं त्यांनी काटेकोरपणे मांडलं होतं. आणि नदी चढावर कशी जाते, हे तरी मला खरंच माहीत नव्हतं का? सांगलीहून पुण्याला जाताना किर्लोस्करवाडीचं स्टेशन लागतं. तिथे पंप बनतात. कृष्णाकाठचा ऊस तेव्हाही नदीतून पाणी उचलूनच भिजत होता. खिडकीतून हे सगळं पाहत मी महिन्यातून दोनदा प्रवास करायची.

पुढचा भाग लिहायला मला सगळ्यात जड जातो आहे. मास्तरांनी माझं ऐकलं. मी खुणा करून पाठवलेल्या हस्तलिखितासोबत दोन महिन्यांत त्यांनी कथा पुन्हा लिहून पाठवली. तिच्यात पुण्याचे एक डॉक्टरसाहेब होते, जीपमधून येणारे. भूगर्भातल्या हालचालींवर ते दीड पान बोलत होते. म्हातारी आता प्रमाण मराठी बोलत होती. गावाचा निर्णयही झाला होता, पाणी निम्मं निम्मं वाटून घेण्याचा. झरा होता. कथा मेली होती. मी ती वाचली, ‘कृत्रिम वाटते’ असा शेरा मनातल्या मनात मारला आणि छापील चिठ्ठी लावून साभार परत केली. पहिलं हस्तलिखित ‘संदर्भासाठी’ माझ्याकडेच राहिलं. त्यांनी कार्बन प्रत ठेवली नव्हती. म्हणजे त्यांच्या हातात परत गेली ती माझ्या सूचनांनी मारलेली कथा, आणि जिवंत होती ती पडली माझ्या ट्रंकेत. त्यानंतर त्यांच्याकडून काही आलं नाही. का येत नाही, हे मी कधी विचारलंही नाही.

त्यांची दोन्ही पत्रं ‘मा. संपादकसाहेब’ या मायन्यानं सुरू होतात. कारण मी पत्राखाली फक्त आद्याक्षरं आणि आडनाव लिहायची. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका लेखकानं ‘विज्ञानकथा बाईंकडे कशाला देता?’ असं आमच्या मालकांना विचारलं होतं, तेव्हापासूनची ती सवय. बाई दिसली की वाचणारा आपलं मत आधीच ठरवून टाकतो, हे मी सोसलं होतं. अमेरिकेत ॲलिस शेल्डन यांनी जेम्स टिप्ट्री ज्युनिअर हे पुरुषाचं नाव घेऊन वर्षानुवर्षं विज्ञानकथा लिहिल्या, हे वाचलं तेव्हा मला त्या सख्ख्या बहिणीसारख्या वाटल्या होत्या. नावाचा काच काय असतो हे ज्या बाईला कळत होतं, तिनंच दुसऱ्याच्या पत्त्यावरून त्याची किंमत केली. न कळून चुकणाऱ्याला एक माफी असते. माझ्याजवळ तीही नाही.

जॉन कॅम्पबेल यांचं नाव विज्ञानकथेच्या संपादकांमध्ये सर्वांत वरचं मानलं जातं. १९३७ पासून १९७१ मध्ये मरेपर्यंत त्यांनी ‘अस्टाउंडिंग’ हे मासिक चालवलं, पुढे त्याचं नाव ‘ॲनालॉग’ झालं. आयझॅक आसिमॉव्ह, रॉबर्ट हाइनलाइन हे त्यांच्याच हाताखालून गेलेले. सॅम्युअल डिलेनी या कृष्णवर्णीय लेखकाची ‘नोव्हा’ ही कादंबरी त्यांनी क्रमशः छापायला नाकारली. कारण डिलेनींनीच पुढे सांगितलं आहे : नायक काळा असला तर आपले वाचक त्याच्याशी समरस होणार नाहीत, असं कॅम्पबेलना वाटलं. २०१९ मध्ये, आमच्या घरात पाणी शिरलं त्याच महिन्यात, त्यांच्या नावानं नव्या लेखकाला मिळणाऱ्या पुरस्काराचं नाव बदललं गेलं. ही बातमी मी बरीच उशिरा वाचली. वाचताना मला कॅम्पबेलांचा राग आला नाही. ‘आपले वाचक’ हे शब्द माझ्या ओळखीचे होते. ‘सर्वसामान्य वाचकाला समजणार नाही’ असं मी लिहिलं, तेव्हा तो सर्वसामान्य वाचक मी कुठे पाहिला होता? त्याला माणदेश समजत नाही हे मला कुणी सांगितलं होतं? व्यंकटेश माडगूळकरांना वाचून महाराष्ट्राला त्याआधीच चाळीस वर्षं तो समजत होता. त्या वाचकाचा चेहरा माझाच होता.

दुसऱ्याही गोष्टी आहेत. एका वर्षी दिवाळी अंक छपाईला निघाला असताना मला कळलं की त्यातली एक कथा इंग्रजीवरून उचललेली आहे. ‘आधारित’ एवढा एक शब्द घालायचा होता. फर्मा चढला आहे, असं सांगून मी गप्प बसले. आणखी एक : अनुवाद करणाऱ्या बायकांना आम्ही पानामागे जे देत होतो ते देताना मला लाज वाटायला हवी होती. त्यांची नावं मुखपृष्ठावर जावीत म्हणून मी एकदाही भांडले नाही. या दोन्हींबद्दल मला खेद आहे. पण त्यांत भीड होती, व्यवहार होता. मास्तरांच्या बाबतीत माझ्यावर कुणाचा दाब नव्हता. तिथे जे झालं ते मी मोकळ्या मनानं, चांगलं करते आहे असं समजून केलं. म्हणून तेच जास्त बोचतं.

कऱ्हाड-सांगलीच्या परिसरानं मला याहून चांगले धडे दिले होते. कऱ्हाडजवळ कृष्णेच्या काठावर टेंभू हे गाव आहे. आगरकरांचं जन्मगाव म्हणून लोकांना ते माहीत असतं. पण त्याच गावचे कृष्णाजी नारायण आठल्ये. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ते तिकडे कोचीनहून ‘केरळ कोकिळ’ हे मराठी मासिक चालवत होते. विसावं शतक उजाडताना त्यांनी जूल व्हर्नच्या चंद्रप्रवासाची गोष्ट मराठीत आणून आपल्या मासिकातून छापली. वाचकाला समजणार नाही असं म्हणायला त्यांच्याकडे माझ्याहून किती कारणं होती! विमान अजून उडायचं होतं. विज्ञानकथा हा शब्दही मराठीत रुळला नव्हता. तरी त्यांनी गावोगावच्या वर्गणीदारांच्या हातात चंद्र दिला. मग १९२० मध्ये किर्लोस्करवाडीला, नांगराच्या कारखान्याच्या आवारात, शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केलं. तो भाग तेव्हा औंध संस्थानात होता. मोठ्या शहराचा आधार नसताना शंकररावांनी तिथून ‘किर्लोस्कर’, ‘स्त्री’, ‘मनोहर’ ही मासिकं घरोघर पोचवली. आठल्ये आणि शंकरराव, दोघंही आमच्याच मातीतले संपादक. त्यांनी दूरच्या वाचकावर भरवसा टाकला. मी दूरच्या लेखकावर टाकू शकले नाही.

आणि टेंभूचं नाव आज आटपाडीच्या लहान मुलालाही ठाऊक आहे. टेंभूला कृष्णेवर बांध घालून पाणी टप्प्याटप्प्यानं वर उचलतात आणि कालव्यांतून, बोगद्यांतून, नळांतून खानापूर, आटपाडी, कवठे महांकाळच्या माळांवर नेतात. टेंभू उपसा सिंचन योजना. मास्तरांनी कथा लिहिली तेव्हा हे पाणी आलेलं नव्हतं. नदी चढावर जाते, हे त्यांनी आधी लिहिलं. मग ती चढली.

कागद सापडल्यावर मी लगेच आटपाडीला गेले असं लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. मी गेले नाही. पुराची आवराआवर, मग करोना, मग गुडघे, अशी कारणं मी सहा वर्षं सांगत राहिले. खरं कारण भीती. जून २०२५ मध्ये, नारळीकर गेल्यानंतर तीन आठवड्यांनी, एसटीनं विट्याला आणि तिथून आटपाडीला गेले. रस्त्याच्या कडेला कालवा वाहत होता, डाळिंबाच्या बागा हिरव्या होत्या. शाळेत चौकशी केल्यावर कळलं की मास्तर २०१६ मध्येच गेले. त्यांची मुलगी अंगणवाडीत काम करते. घर साधं, पुढे पडवी, पडवीत शेळी बांधलेली.

मी नाव सांगितलं तेव्हा तिला काही उमगलं नाही. संस्थेचं नाव सांगितल्यावर तिचा चेहरा एकदम उजळला. ‘‘म्हंजे पुन्याच्या त्या सायबांकडनं आलाय तुमी?’’ मी म्हटलं, ते साहेब म्हणजे मीच. ती क्षणभर बघत राहिली. मग म्हणाली, ‘‘आबा लई सांगायचं वो. माझी गोष्ट पुन्याच्या सायबांनी दोनदा वाचली, लाल शाईनं चुका दावल्या. एवढं कोन कुनासाठी करतंय, म्हनायचं.’’

मी पिशवीतून पानं काढली. तिनं हात पदराला पुसले, मगच पानं हातात घेतली. तिच्या वडलांचं अक्षर तिनं डागांतूनही ओळखलं. एका ओळीवर तिचं बोट थांबलं. तिथे मी ‘झिरा’ खोडलेला होता. ‘‘ह्ये का खोडलंय?’’ तिनं विचारलं. तिच्या आवाजात तक्रार नव्हती, तिला खरंच कळलं नव्हतं. मी म्हटलं, ‘‘माझं चुकलं होतं. मला तो शब्द माहीत नव्हता.’’ ती म्हणाली, ‘‘मग इचारायचं की, ताई.’’

पस्तीस वर्षांत संपादनकलेवर मी जे जे बोलले, त्यात हे वाक्य कधीच नव्हतं. मग इचारायचं की. एका पोस्टकार्डाचं काम होतं.

तिनं चहा केला. जुन्या ट्रंकेतून मास्तरांच्या वह्या काढून दाखवल्या : हजेरी, हिशेब, पावसाच्या नोंदी. कथा एकही नव्हती. ‘‘त्येच्यानंतर काय लिवलं न्हाई त्यांनी. म्हनायचं, आपल्याला जमत न्हाई त्ये.’’ हे तिनं चहाची कपबशी पुढे करता करता सांगितलं. त्यावर मला काही बोलता आलं नाही. माफी मागण्यासाठी गेले होते, पण मागायची कुणाकडे? आबांना तुमच्याबद्दल आदर होता, एवढंच तिच्याजवळ मला द्यायला होतं, आणि तेच सगळ्यात जड होतं.

निघताना मूळ पानं मी तिला परत दिली. झेरॉक्स माझ्याकडे ठेवली, तिला विचारून. आता ती कथा मी जुळवते आहे. या वेळी हातात पेन्सिल आहे. आठ पानं बहुतेक लागली आहेत. ‘झिरा’ सगळीकडे परत आला आहे. बैठकीची तीन पानं मात्र गेली ती गेलीच. गाव काय काय बोललं, कोण कुणाला काय म्हणालं, ते मी एकदाच वाचलं होतं, सदतीस वर्षांपूर्वी, चुका शोधत. त्यामुळे मला ते आठवत नाही. ती पानं मी माझ्या मनानं भरणार नाही. छापताना तिथे कोरी जागा राहील. मास्तरांच्या मुलीनं याला होकार दिला आहे. वर नाव मास्तरांचं असेल.

एक विनंती करते. १९७९ ते २०१४ या वर्षांत ज्यांची विज्ञानकथा किंवा अद्भुतकथा आद्याक्षरांच्या सहीनिशी, छापील चिठ्ठी लावून पुण्याहून परत आली असेल, त्यांनी किंवा त्यांच्या घरच्यांनी ती शोधावी. माळ्यावर, ट्रंकेत, जुन्या दप्तरात असेल. सुधारलेली नको, पहिली पाठवा, तुमच्या बोलीत असेल तशी. या अंकाच्या संपादकांच्या पत्त्यावर ती माझ्यापर्यंत पोचेल. नाव आणि गाव वेगळ्या चिठ्ठीवर लिहून पाकिटात चिकटवून बंद करा. ते पाकीट मी कथा वाचून झाल्यावर उघडेन, आणि एखादा शब्द कळला नाही तर पत्र घालून विचारेन.